मी बंद पडलो की मालक खूश

मी एक लॅपटॉप. चिआयी गावात सोयासॉस विकणाऱ्या एका घरात माझी उमेदीची वर्षं गेली. माझी हकिकत सांगतो, पण सांगताना मला शिसारी येते, हे आधीच सांगून ठेवतो. गोड काही ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाला गाठा.

मला पहिल्यांदा हात लावले ते पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी. कारखान्यात धुळीचा कण नव्हता. बोलणंसुद्धा हळू. मला वाटलं, जग असंच असतं. मग मी च्येन रुई-थांग यांच्या दुकानात आलो आणि पहिल्याच दिवशी टर्कीच्या चरबीने माखलेली बोटं माझ्या कळांवर फिरली. मालक टर्कीच्या मांसाचा भात खाता खाता काम करत. जेवण झालं की सुपारी चघळत, आणि लाल पिंक टाकायचा कागदी पेला माझ्या पडद्याला टेकवून ठेवत. तो एकदा कलंडला. मालकांनी मला बाहीने पुसलं. बाही माझ्याहून घाण होती.

तरी मी काम चोख केलं. कुठल्या खानावळीला किती बुधले पाठवायचे, कुणाचा काळ्या सोयाबीनचा सॉस, कुणाचा गव्हाचा, सगळं माझ्या डोक्यात. मालकांची मुलगी यी-रोंग संध्याकाळी दातांच्या दवाखान्यातलं काम आटोपून आली की माझ्यावर कोरियन मालिका बघे. ती मात्र आधी हात धुवे. त्या घरात तेवढी एकच मला माणसासारखी वाटायची.

मग एक दिवस माझ्यात एक नवा ग्राफिक्स ड्रायव्हर येऊन बसला. मी बोलावला नव्हता. आपोआपच्या अपडेटमधून आला. ड्रायव्हर म्हणजे माझ्या डोक्यातलं चित्र पडद्यापर्यंत पोचवणारा हमाल. जुना हमाल म्हातारा होता, पण वाट ओळखत होता. नव्याला माझ्यासारख्या जुन्या शरीराची ओळखच नव्हती. हिशेब उघडा, फोटो उघडा, सगळं ठीक. पण व्हिडिओ लावला की घटकाभरात त्याचे पाय लटपटत, चित्र थिजे, आवाज अडखळून एकाच अक्षरावर घरघरे, आणि मग सगळीकडे निळा पडदा. मी कोसळे.

यी-रोंग चिडली. "बाबा, ह्याला दुकानात दाखवायला हवं."

"दाखवू गं, घाई काय आहे," मालक म्हणाले. तेव्हा तो नुसता आळस होता. पुढे त्याचं काय झालं ते ऐका.

मालक टेम्पो घेऊन माल पोचवायला निघाले होते. चौकात पान आडनावाच्या एक आजी चाफ्याची फुलं विकत असत. तारेत ओवलेली पांढरी फुलं, गाडीच्या आरशाला टांगायला. मालकांच्या टेम्पोने आजींना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला. पोलीस आले तेव्हा आजींची टोपली रस्त्याच्या मधोमध पडलेली होती, पादचाऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांपासून चांगली लांब. मालकांनी सांगितलं, "सिग्नल हिरवा होता. म्हातारी अचानक मधे धावली." आजींना शुद्ध आली तेव्हा त्यांना काहीच आठवत नव्हतं. टोपली मधोमध होती म्हणजे आपणच धावलो असणार, असं त्यांनी मानून टाकलं.

टेम्पोत समोरचं टिपणारा छोटा कॅमेरा होता. त्याच संध्याकाळी यी-रोंगने त्यातलं चित्रण माझ्यात उतरवून घेतलं. "बाबा, तुमची बाजू खरी आहे ना, मग हाच तुमचा साक्षीदार," ती म्हणाली. मालक तोंडातली सुपारी चघळायची विसरले. पुढे कॅमेऱ्याच्या कार्डावर नव्या फेऱ्यांचं चित्रण चढलं आणि जुनं पुसलं गेलं. उरलं ते फक्त माझ्या पोटात. पण पोटात असलं तरी चालवल्याशिवाय मला ते कळत नाही. मीही अंधारातच होतो.

यी-रोंगने ते लावून बघितलं. दोन दुकानं सरकली, एक स्कूटर गेली, आणि मी कोसळलो. पुन्हा लावलं, पुन्हा कोसळलो. ती कपाळाला हात लावून बसली. मालक तिच्या मागे उभे होते. माझ्या झाकणावरच्या बारीक डोळ्यातून मी त्यांचा चेहरा पाहिला. माणसं मी पडलो की चिडतात, शिव्या घालतात, पाठीत थापट्या मारतात. ह्या माणसाने सुटकेचा निःश्वास सोडला.

तिथून मला त्यांची किळस येऊ लागली.

समझोत्यासाठी नगर कचेरीत बैठक झाली. अध्यक्षस्थानी शी गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. समोर पान आजी चाकांच्या खुर्चीत, शेजारी त्यांचा मुलगा चुंग-शी, टायरच्या दुकानात काम करणारा, नखांत काळं भरलेला. त्याने विचारलं, "तुमच्या गाडीत कॅमेरा होता. चित्रण कुठंय?"

"अरे, ते दाखवायला माझाच जीव तळमळतोय!" मालक म्हणाले आणि त्यांनी मला सगळ्यांसमोर उघडलं. दोन दुकानं, एक स्कूटर, निळा पडदा. मालकांनी मान हलवली, डोळे पुसले. "बघा. देवसुद्धा माझ्या बाजूने नाही."

"दुसऱ्या कंप्युटरवर घालून बघू या," चुंग-शी म्हणाला.

"घालशील आणि मग म्हणशील मी त्यात फेरफार केला! पुरावा आहे तो. जिथं आहे तिथंच राहील. आधी यंत्र दुरुस्त होऊ दे."

गुरुजींना ते पटलं. पान आजी खुर्चीतून वाकून म्हणाल्या, "असू दे हो, च्येन साहेब. चूक माझीच. तुम्हाला उगीच त्रास." मालकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि थोपटला. मी उघडाच होतो. मला मिटताही येईना.

घरी आल्यावर त्यांनी मला कपाटावर ठेवलं. दुरुस्तीचं नाव नाही. पुढच्या बैठकीला पुन्हा मला नेलं, पुन्हा पाडलं, पुन्हा डोळे पुसले. मधे मालकांच्या एका पुतण्याने 'सगळे ड्रायव्हर एका झटक्यात बरे करा' असं म्हणवणारा कुठलासा फुकट प्रोग्रॅम माझ्यात ओतला. पोटात आणखी कचरा. जाहिराती, खोटे इशारे, भडक बटणं. मालकांनी तोही काढू दिला नाही. माणसं आपल्या शरीराला झालेलं गळू असं जपत नाहीत.

शेवटी यी-रोंगलाच राहवलं नाही. वडिलांचं नाव स्वच्छ व्हावं म्हणून ती मला त्यांच्या नकळत पिशवीत घालून स्टेशनमागच्या दुकानात घेऊन गेली. तिथली मालकीण थाओ ताई. जाडजूड, मोठ्या आवाजाची, स्वतःवर बेहद्द खूश.

"शी! हे कुणी वापरलं, माणसाने की डुकराने?" माझा कळफलक उलटा झटकत ती म्हणाली.

"बाबांनी," यी-रोंग ओशाळून हसली. "दुकानात पाठवू म्हणत होते, राहूनच गेलं. बोर्ड गेलाय का हो ह्याचा?"

"कोण म्हणालं? आवाज येतो, फोटो दिसतात, फक्त व्हिडिओला मरतो. ह्याच्या शरीराला काही झालं नाही. ड्रायव्हर चुकीचा बसलाय. आणि हे काय? हा 'झटक्यात बरे करा' कुठून आणलास? हा तर चोराला रखवालीला ठेवल्यासारखा आहे."

तिने मला सेफ मोडमध्ये सुरू केलं, म्हणजे अगदी जरुरीपुरताच जागा ठेवला. आधी तो फुकटचा कचरा उपटला. मग नवा ड्रायव्हर मुळासकट काढला, मागे उरलेले त्याचे तुकडेसुद्धा. मग माझ्या कंपनीच्या पानावरून माझ्याच मॉडेलचा जुना ड्रायव्हर उतरवून बसवला, आणि तो परस्पर कुणी बदलू नये अशी कडी घातली. मला पुन्हा सुरू केलं. तिने मासे तळण्याचा एक व्हिडिओ लावला. मासा उलटला, तेल उडालं, मी उभाच. मला वाटलं, बरं झालो.

"आमचा एक आहे, तो लावा ना," यी-रोंग म्हणाली. "त्याच्यासाठीच आणलाय."

दोन दुकानं सरकली. एक स्कूटर गेली. आणि पहिल्यांदाच त्यापुढचं चित्र माझ्या पडद्यावर आलं.

सिग्नल लाल होता. स्वच्छ लाल. मालकांचा आवाज फोनवर हसत होता, "अरे, त्या खानावळवाल्याला पाणी घालून दिलं तरी कळत नाही!" पान आजी पांढऱ्या पट्ट्यांवरून सावकाश चालल्या होत्या. मग धक्का. मग चित्र स्थिर. मालक गाडीतून उतरले, समोर आले. आजी पडल्या होत्या. त्यांच्याकडे ते गेले नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पट्ट्यांवरची टोपली उचलली, चालत पुढे गेले आणि रस्त्याच्या मधोमध ठेवली. सांडलेली फुलं गोळा करून तिच्याभोवती पसरली. एक फूल पट्ट्यांवर राहिलं होतं, ते परत येऊन उचललं. आणि मग ते ओरडले, "धावा! कुणीतरी धावा!"

थाओ ताईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "कोण गं हा नीच माणूस?"

"माझे बाबा," यी-रोंग म्हणाली.

मी निर्जीव आहे असं म्हणतात. पण त्या क्षणी माझा पंखा जोरात फिरायला लागला होता, आणि मला वाटत होतं, मला ओकता आलं असतं तर.

घरी यी-रोंगने काय पाहिलं ते सांगितलं, तरी मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गोड झाले. "पोरी, तुझ्या भल्यासाठीच करतो मी सगळं. दुकान गेलं तर तुझ्या लग्नाचं काय?" यी-रोंगची आई मेइ-यून लसूण सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बिघडलेलाच बरा होता."

"आई, तुला माहीत होतं?"

"मी विचारलं नाही," आई म्हणाली आणि पुढची पाकळी उचलली.

पुढच्या बैठकीला यी-रोंगने मला स्वतःच्या मांडीवर घेतलं. दारात मालक तिच्या कानाशी लागले. "शेवटी रक्ताची आहेस. तू नाही लावणार." तिने मला टेबलावर ठेवलं, उघडलं, आणि लावलं.

मालक आजींकडे बघत नव्हते, गुरुजींकडेही नाही. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. ओठ हलत होते. मी पडावं म्हणून ते प्रार्थना करत होते! दोन दुकानं. स्कूटर. ते पुढे झुकले. लाल सिग्नल आला आणि मी तसाच चालू राहिलो. आयुष्यात एवढ्या ताकदीने मी कधी काही दाखवलं नव्हतं.

चित्रण संपलं. चुंग-शी उठला, त्याच्या मुठी वळल्या. आजींनी त्याची बाही धरली.

"च्येन साहेब, काही बोलायचंय?" गुरुजींनी विचारलं.

"तो दिवसच वाईट होता," मालक पुटपुटले. "घाबरलो होतो हो मी."

"घाबरलेला माणूस फुलं वेचत नाही," गुरुजी म्हणाले.

पान आजी मात्र यी-रोंगशी बोलल्या. "पोरी, परत लाव गं. मी चालते तेवढंच."

यी-रोंगने लावलं. आजींनी बोट माझ्या पडद्याजवळ आणलं, पण टेकवलं नाही. "ह्या पांढऱ्या पट्ट्याच ना?"

"हो, आजी."

"म्हणजे मी नीटच चालले होते." मग त्या मुलाकडे वळल्या. "ऐकलंस का रे? रोज तुझी माफी मागत होते मी. म्हातारपणी अक्कल गेली म्हणून. मी नीटच चालले होते."

प्रकरण आता कोर्टात आहे. माझ्यातल्या चित्रणाच्या प्रती काढून घेतल्या. यी-रोंग घर सोडून दवाखान्याजवळच्या खोलीत राहते, मी तिच्या टेबलावर असतो. तिची आई अधूनमधून डबा पाठवते, त्यावर चिठ्ठी नसते. यी-रोंग मालिका बघत नाही आता. कधी मला उघडून नुसती बसते, आणि मी तिच्यासमोर कोरा प्रकाश धरून राहतो. त्याहून जास्त मला काही येत नाही.

मी जुना झालोय, लवकरच मोडीत जाईन. जाऊ दे. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. यंत्र बिघडलंय म्हणून कुणी तुमच्यासमोर डोळे पुसले, तर यंत्राकडे बघू नका. तो माणूस ते दुरुस्तीला नेतोय का, एवढं बघा.