पहिला पाव घरचा नाही

भट्टीतला पहिला पाव घरचा नाही, हा बेकरीवालीचा नेम. सकाळी दार उघडलं की जे माणूस पहिलं उंबऱ्याशी येईल, त्याच्या हातात तो फुकट पडायचा. "गल्लीनं आपल्याला पोसलंय, तेव्हा पहिला मान गल्लीचा," हे लेक रांगत होती तेव्हापासून ती तिला ऐकवत आली होती. लेकीला सगळे खारूताई म्हणत, कारण हाती लागेल ते कडेकडेनं कुरतडायची तिची खोड.

आज खारूताईनं हट्टाला पेटून एक पाव सगळा स्वतः केला होता. पीठ नाकाला लागलं, केसांना लागलं, थोडं परातीतही राहिलं. आईनं बोट लावायचं नाही, अशी सक्त ताकीद. तोच पाव सगळ्यांत आधी भट्टीबाहेर आला. एका बाजूला कलंडलेला, पण वरून छान तांबूस. आईचा ऊर भरून आला. पोटच्या पोरीच्या हातचा पहिला घास आपल्याला मिळावा, एवढंच तिला हवं होतं.

तेवढ्यात दारात आला समोरचा शिंपी. जीभ कात्रीसारखी चालते म्हणून त्याच्या पाठीमागे सगळे त्याला कात्रीमामा म्हणत. भट्टीच्या धुरानं आपली पांढरी कापडं काळवंडतात, हे त्याचं नेहमीचं रडगाणं.

"त्या धुराचा आज सोक्षमोक्ष लावायचाच!" त्यानं सुरुवात केली.

खारूताईनं पाव उचलला.

"अगं, थांब," आई कुजबुजली. "त्यांना दुसरा देऊ. हा तुझा पहिला आहे ना!"

"म्हणूनच तर. पहिला घरचा नाही, तूच म्हणतेस."

"पण ह्यांना?"

"आवडत्या माणसालाच द्यायचा, असं कुठं म्हणाली होतीस?"

आईनं स्वतःच पेरलेलं उगवलं होतं, आता तक्रार कुणाकडे करणार?

"कात्रीमामा, हा मी केलाय. तुम्हाला."

आईनं जीभ चावली. शिंपी क्षणभर गोंधळला. मग उभ्या उभ्याच एक तुकडा मोडून त्यानं सावकाश खाल्ला. कात्री पहिल्यांदाच थांबली होती.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खारूताई हसली. "उद्या बरोबर घालीन, मामा."

शिंप्यानं उरलेला पाव खांद्यावरच्या स्वच्छ पांढऱ्या कापडात नीट गुंडाळला. "मग उद्याही मीच पहिला येतो," असं पुटपुटत तो निघाला. धुराचं तो विसरूनच गेला.

आपली एवढीशी पोर आपल्यापेक्षा मोठ्या मनाची निघाली, ह्याचा आईला इतका अभिमान वाटला की गिऱ्हाइकांकडे तिचं लक्षच लागेना. ती लेकीच्या पावाचा रिकामा साचा घेऊन आत गेली. साच्याच्या कोपऱ्यात एक करपट पापुद्रा चिकटून राहिला होता. तिनं तो सुरीनं हळूच सोडवला आणि जिभेवर ठेवला.

मेलं, मीठ खरंच कमी होतं. तेवढं मग तिच्या डोळ्यांनी भरून काढलं.