नवं डोकं, पंधरा दिवसांत

मी एक शेपूट बोलतोय. म्हणजे आज मी डोक्यासकट पुरता किडा आहे, पण माझी गोष्ट सुरू झाली तेव्हा नुसतं शेपूटच होतो.

पुस्तकात आम्हाला चपटकृमी म्हणतात. मी नखाएवढा लांब, रंगाने चहाच्या गाळासारखा. विद्यापीठाच्या जीवशास्त्र संशोधन संस्थेत तिसऱ्या मजल्यावर एक प्लॅस्टिकचा ट्रे आहे, तेच माझं जन्मगाव. आमच्या खानदानाची खासियत अशी की मधोमध कापलं तर एकाचे दोन होतात. पुढच्या तुकड्याला शेपूट येतं आणि मागच्याला डोकं. त्यामुळे आमच्यात काका-मामा वगैरे भानगड नाही, सगळे एकमेकांचे तुकडे.

आम्हाला कान नसतात. तरी मला सगळं ऐकू कसं आलं, हे कृपा करून विचारू नका.

आमची देखभाल करणारी एक संशोधक आहे, तिला सगळे ताई म्हणतात. महिन्यातून एका रविवारी सामान्य माणसांसाठी व्याख्यान ठेवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलेलं. माणसं यायची. पुढच्या रांगा सोडून मागे बसायची, दिवे मालवले की डुलक्या घ्यायची आणि टाळ्या वाजवून चहाकडे वळायची. ताईला याचा फार राग यायचा. एक दिवस ती आमचा ट्रे उचलून थेट मोठ्या सरांच्या, म्हणजे संचालकांच्या टेबलावर घेऊन गेली.

"सर, नुसतं ऐकवून काय होतंय? लोकांना इथे किडा कापू दे, शेपूट घरी नेऊ दे. पंधरा दिवसांनी डोकं आलेलं घेऊन येतील."

सर हसले. "पाच मिनिटं भाषण लांबलं तर घड्याळ बघणारी माणसं ही. ती किडा सांभाळणार?"

"सांभाळतील."

"बरं. वीस डब्या दे. पंधरा परत आल्या तर दर महिन्याला कर. नाही आल्या तर आपलं व्याख्यान आणि चहा बरा."

ताई 'चालेल' म्हणाली आणि ट्रे उचलून इतक्या घाईने निघाली की आमचं पाणी हललं. ही अट तिने लोकांना मात्र सांगितली नाही. भिडेखातर कुणी यावं, हे तिला नको होतं.

कार्यशाळेच्या दिवशी मी काकूंच्या वाटणीला आलो. काकू संस्थेच्या समोरच राहतात. वसतिगृहाच्या खानावळीत त्यांनी तीस वर्षं स्वयंपाक केला, आता घरी असतात. "इतकी वर्षं समोर राहतेय," त्या म्हणाल्या, "आत काय शिजतं ते एकदा बघावं म्हटलं."

मला बर्फावर ठेवलं होतं. काकूंनी पातं हातात घेतलं आणि थांबल्या. "दुखत नाही ना गं याला?"

"पक्कं कुणालाच माहीत नाही, काकू," ताई म्हणाली. "म्हणून गार करून सुन्न करतो, आणि एकाच घावात कापतो."

हे उत्तर काकूंना आवडलं असावं. आजूबाजूला सगळ्यांचे हात लटपटत होते. काकूंनी रोज तीनशे माणसांची भाजी चिरलेली. मला कळायच्या आत मी डोक्याला मुकलो होतो. डोकं संस्थेतच राहिलं. आता त्याला मी म्हणायचं की भाऊ, तो वाद मी सोडून दिलाय.

मी डबीतल्या पाण्यातून काकूंच्या घरी निघालो, सोबत एक कागद. नळाचं पाणी घालू नका, उन्हात ठेवू नका, आणि डोकं येईपर्यंत खायला देऊ नका. शेवटची ओळ काकूंनी दोनदा वाचली.

तीन दिवस त्यांनी कळ काढली. चौथ्या दिवशी सकाळी झाकण उघडल्याचं मला जाणवलं.

"आई, कागदावर नको लिहिलंय ना!" हा सुनेचा आवाज.

"कागदाला काय कळतंय? चार दिवस उपाशी आहे तो."

"त्याला अजून डोकं नाही. खाणार कुठून?"

"निदान वास तरी घेईल."

आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या अंड्याचा बलक माझ्या अंगावर येऊन पडला. आमचं तोंड असतं पोटावर, आणि ते अजून धड झालेलं नव्हतं. मी तसाच पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी पाणी नासलं. मी आक्रसलो, कडा गोळा झाल्या, शुद्ध हरपायला लागली. डोकं नसताना शुद्ध कसली म्हणाल, पण मी घाबरलो होतो हे खरं आहे.

काकूंनी डबी उजेडात धरली. "माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी आजारी पडलं नव्हतं गं," एवढंच त्या सुनेला म्हणाल्या.

मग पुढचे दिवस त्यांनी माझी सेवा केली. दिवसातून तीनदा बाटलीतलं चांगलं पाणी, ड्रॉपरने, हळूच. प्रत्येक वेळी कॅलेंडरच्या मागे लिहायचं: 'सकाळी सात, पाणी बदललं, हलला नाही.' 'दुपारी एक, थोडा हलला.' मला आयुष्यात इतकं लक्षपूर्वक कुणी पाहिलेलं नाही. संस्थेतसुद्धा नाही.

त्या वीस जणांचा फोनवर एक ग्रुप होता. पहिले चार दिवस तिथे फोटोंचा पाऊस पडला. सहाव्या दिवसापासून सगळे चिडीचूप. "कसे आहेत सगळे?" असं ताईने विचारलं, तर दोघांनी नुसता अंगठा दाखवला. काकूंनी तेवढंही केलं नाही.

"रविवारी मी जात नाही," त्यांनी जाहीर केलं. "काय तोंड घेऊन जाऊ?"

"अहो आई, पण तो जिवंत आहे!"

काकू एकदम म्हणाल्या, "अगं, म्हणजे बाकीचेही असेच लपून बसलेत की काय? खानावळीत भाजी बिघडली की मुलं ताटातलं गुपचूप मागच्या दारी टाकायची. मला वाटायचं, सगळे चाटूनपुसून जेवले. शेवटी सांगितलं, टाकायचं ते माझ्या डोळ्यांसमोर टाका. तेव्हा कुठे मला कळायला लागलं काय चुकतंय ते."

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि मोठ्याने निरोप पाठवला:

"नमस्कार. मी समोरच्या घरातली काकू. माझ्या किड्याला मी अंडं घातलं. नको लिहिलं होतं तरी घातलं. पाणी नासलं, तो मरता मरता वाचला. तुमचा मेला असला तरी डबी घेऊन या. मी एकटीच वेडी ठरायला नको."

त्यानंतर तीन दिवसांनी मला दिसायला लागलं. नव्या डोळ्यांनी मी पहिल्यांदा पाहिला तो भिंगापलीकडचा काकूंचा भलामोठा डोळा. तो पाण्याने भरला होता.

"आलं गं! थोडं तिरळं आहे, पण आलं!" तिरळं नव्हतं, आम्ही सगळेच तसे दिसतो. पण मी बोललो नाही.

रविवारी सर दाराशीच उभे होते. दहा वाजता सहा माणसं. ताई खुर्च्या पुन्हा पुन्हा सरळ करत होती. मग एकेक जण येत गेले, मान खाली घालून, डबी पिशवीत दडवून. टेबलावर एकूण अठरा डब्या झाल्या. सरांनी एक उचलली, दुसरी उचलली. "या तर रिकाम्या आहेत!"

अठरांपैकी अकरांत जिवंत काही नव्हतं. ताईचा चेहरा पडला. तेव्हा काकूंनी उठून कॅलेंडरचा कागद उलगडला आणि अंड्यापासून सगळं वाचून दाखवलं, वेळेसकट.

मग एक बस कंडक्टर उठले. "मी नळाचं पाणी घातलं. आम्ही सगळे तेच पितो, यालाच काय धाड भरलीय म्हटलं."

एका शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मी खिडकीत ठेवला. त्याला कोंदट वाटू नये म्हणून."

"माझे तीन झालेत," एक शिंपी चाचरत म्हणाले. "मी आणखी दोनदा कापला. हात शिवशिवत होता."

हॉल हसून हसून लोटपोट झाला. मागच्या रांगेत कुणी नव्हतंच, सगळे टेबलाभोवती. पाणी किती दिवसांचं, ऊन किती तास, प्रश्नांवर प्रश्न. सर खुर्ची ओढून बसले होते आणि लिहून घेत होते. मधेच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"संशोधनाच्या पहिल्या वर्षी माझेही सगळे मेले होते," ते म्हणाले. "चाळीसच्या चाळीस. मी माझ्या सरांना कधीच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा बोलतोय."

मग ताईकडे न बघताच म्हणाले, "पुढच्या महिन्यासाठी हॉल घेऊन ठेव."

ताईने काकूंचा हात घट्ट धरून ठेवला, इतकंच मी पाहिलं.

काकूंनी मला स्वतःच्या हातांनी ट्रेमध्ये सोडलं. आता त्या दर महिन्याला येतात आणि नव्या लोकांना पातं धरायला शिकवतात. उद्या पुन्हा रविवार आहे आणि माझी पाळी आहे. बर्फाची मला आता सवय झालीय.

उद्या कदाचित मी तुमच्या घरी येईन. तुम्ही माझी काळजी घ्याल, आणि तरी काहीतरी चुकेलच. मी जगलो तर उत्तम. मेलो, तर डबी फेकून देऊन घरी बसू नका. ती तशीच घेऊन या आणि काय झालं ते चारचौघांत सांगा. तेवढं केलंत, तर मी फुकट मेलो नाही.