मुद्रक म्हणून नाव चालतं

कार्डाचा मजकूर वाचून नासिरभाईंनी चष्मा काढला. नंदुरबारला अहिराणी साहित्य मेळावा होता आणि त्याचे आयोजक चुनीलालशेठ निमंत्रणपत्रिका छापायला घेऊन समोर बसले होते. मजकुरात होतं : ‘स्वागतगीत – पारंपरिक लोकगीत. सादरकर्त्या – शालेय विद्यार्थिनी.’

“शेठ, हाई गाणं मन्हं शे.”

“माले माहीत शे ना, भाऊ. झकास शे. पन अहिराणी मेळावामा पहिलंच नाव बाहेरना मानूसनं? लोके काय म्हनतीन? अध्यक्ष हेमकांत सर बी तेच म्हनेत.”

“तुम्हना पणजा कोठेन उना व्हता?”

“गुजरातमातीन. पन त्याले पिढ्या हुई ग्यात.”

“मंग माले किती पिढ्या थांबनं पडी, ते सांगा. तवपर्यंत कविता झाकी ठेवस.”

चुनीलालशेठ हसले. त्यांनी कार्डाच्या तळाशी बोट ठेवलं. “शे ना तुन्हं नाव. हाई देख. मुद्रक, नासिर अन्सारी.”

नासिरभाईंची कानशिलं तापली. ते मूळचे उत्तर प्रदेशातल्या मऊचे. सुरतेला ज्या मागावर ते विणकाम करत तो बंद पडला तेव्हा पोटासाठी नंदुरबारला उतरले. उघड्या मैदानात लाल मिरची वाळत घालतात, त्या पथारीवर त्यांनी पोती वाहिली. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांशी बोलता बोलता अहिराणी त्यांच्या जिभेवर चढली. पुढे छापखाना टाकला. लग्नपत्रिकांतून उरलेल्या कागदावर ते कवितांची पुस्तकं काढत. स्वतःची, आणि ज्यांना कुणी दारात उभं करत नसे त्यांचीही. त्यातल्याच एका पुस्तकात हे गाणं होतं : ‘परका म्हनीसन उनू मी, तापीमायनी पानी पाजं.’ नदीने पाणी पाजताना गाव विचारलं नव्हतं. हे लोक मात्र विचारत होते, आणि वर गाणंही ठेवून घेत होते.

“नाव नही तं गाणं बी नही,” ते म्हणाले.

“पोरी शाळामा आठ दिनपाशीन सराव करी ऱ्हायन्यात. त्यासले तूच सांग.”

नासिरभाई तडक शाळेत गेले. प्रतिभा मॅडमच्या वर्गात मुली गातच होत्या. ते बाकावर टेकले आणि सावकाश म्हणाले, “पोरींनो, तुम्ही काढलेल्या चित्राखाली कुणी ‘कोणाचं ते माहीत नाही’ असं लिहिलं तर?”

“मी फाडून टाकेन,” भूमिका म्हणाली. ती चुनीलालशेठची नात.

“तसंच माझं झालंय. म्हणून हे गाणं मेळाव्यात म्हणायचं नाही.”

मग सदफ नावाची मुलगी उभी राहिली. “चाचा, कार्डावर आमची नावं आहेत?”

“नाहीत. ‘शालेय विद्यार्थिनी’ असं आहे.”

“ते वाचून तुम्हाला राग नाही आला?”

मॅडम तिला दटावणार होत्या. नासिरभाईंनी हातानेच थांबवलं. तीच ओळ त्यांनी वाचली होती, आणि अर्ध्यावरच संतापले होते.

“नावं सांगा,” ते म्हणाले. “आडनावासकट.”

दुसऱ्या दिवशी चुनीलालशेठ छापखान्यात आले, तेव्हा त्यांच्या हातात कार्डाचा नमुना पडला. स्वागतगीताखाली कवीचं नाव होतं, त्याखाली गाणाऱ्या सगळ्या मुलींची.

“एवढी जागा कोठेन काढी?”

“पाहुणासन्या पदव्या काढी टाक्यात. हेमकांत सरन्या चार ओळी व्हत्यात.”

“सर भडकतीन.”

“भडकू द्या. मी कालदिन भडकी चुकनू. आज त्यासना नंबर.”

शेठनी नमुना पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मधल्या एका ओळीत नातीच्या नावावर नजर अडली. त्यांच्या घरातलं नाव आजवर फक्त लग्नपत्रिकेत छापलं गेलं होतं.

“दुसरीकडे छापाले टाकू शकस मी,” ते म्हणाले, पण उठले नाहीत.

“टाका. गाणं मातर त्यासंगे येवाव नही. आनि भूमिकाले घरी जाईसन तुम्हीच सांगा, तिन्हं नाव कोन्ही काढं ते.”

नासिरभाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी कागद लावला आणि मशीन सुरू केलं.