निळं रक्त, पिवळं रक्त

हॉल गच्च भरला होता, जिन्यावरही माणसं बसली होती. टेबलावर शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची थाळी. पेशीबाबांनी एका म्हाताऱ्याच्या बोटातलं रक्त पाण्यात कालवून खळग्यात सोडलं, वर बाटलीतले दोन थेंब टाकले. पाणी निळं झालं.

"हे तुमच्या पेशींमधलं विष. आता ते माझं ऐकणार."

डोळे मिटून त्यांनी फुंकर घातली, 'ऊर्जाजला'चा एक थेंब सोडला. निळं झरकन पिवळं झालं. हॉलभर हुंदके ऐकू आले.

पहिल्या रांगेत माझी ताई होती. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, तो संधिवात तिला होता. आठ महिन्यांपूर्वी तिचं रक्त असंच पिवळं झालं आणि तिनं गोळ्या बंद केल्या. फोनवर तिनं ते सांगितलं तेव्हा मी हसले होते. आता तिला कपही धरता येईना, म्हणून भावजींनी मला बोलावून घेतलं.

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. असली थाळी रोज हाताळते. पेशी एकमेकींना सुजेचे निरोप धाडतात. ते निरोप झेलणारे रेणू रक्तात किती आहेत, हे मोजण्याचा हा थाळी-बाटल्यांचा संच.

मी पुढे होऊन कुपी दिली. "सासूबाईंचं रक्त. अंथरुणातून उठत नाहीत."

रंग निळा झाला. "पोटात गाठ आहे. पण सुनेवर फार जीव आहे हो त्यांचा." फुंकर, थेंब, पिवळा. "उद्या चालायला लागतील."

"अवघड आहे," मी म्हणाले. "सकाळपासून त्या खाटकाच्या हुकाला टांगलेल्या आहेत. हे बकरीचं रक्त आहे."

मागे कोणीतरी हसलं. बाबा श्रद्धेच्या परीक्षेबद्दल काहीतरी पुटपुटत होते, तोवर मी माझं बोट टोचून रक्त खळग्यात सोडलं, वर त्यांच्याच बाटलीतले दोन थेंब टाकले. माझंही रक्त निळं झालं. मग प्रयोगशाळेतून आणलेलं सौम्य आम्ल टाकलं. फुंकर न घालता पिवळं.

थाळीशेजारच्या, संचाच्या खोक्यावरचा सोनेरी कागद मी फाडला. खाली छापलं होतं: फक्त संशोधनासाठी, निदानासाठी नाही. मुदतही उलटलेली.

"पहिल्या बाटलीतलं द्रावण रक्तातल्या तांबड्या द्रव्यानं निळं होतं. आजारी, निरोगी, बकरी, कोणाचंही रक्त चालतं. ऊर्जाजल म्हणजे आम्ल."

"मग माझं विष गेलं नाही?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"ते होतं की नाही, हेच कोणी पाहिलेलं नाही, आजोबा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ताईच्या हातांचा एक्स-रे दिव्यासमोर धरला. "गोळ्यांनी सूज उतरेल. झिजलेलं हाड परत येत नाही."

बाहेर बाकावर ताईनं विचारलं, "तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"हो."

"मग हसलीस कशाला? येऊन दाखवलं का नाहीस?"

ती वाकडी बोटं मांडीवर ठेवून बसून राहिली.

पेशीबाबा आता दुसऱ्या गावात आहेत, तिथेही जिन्यावर माणसं बसतात. कोणी रंग बदलून दाखवला, तर एवढंच विचारा: निरोगी माणसाच्या रक्ताचं काय होतं? आणि ते समोर करून दाखवायला लावा. घरातलं कोणी फसत असेल, तर हसू नका. त्याच दिवशी उठून जा.