गुडघा मोडणाऱ्याची नेमणूक

हार्लन वेल्डहाइस व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळत होता, तेव्हा त्याचं काम एकच होतं: चेंडू काखेत मारायचा आणि पळायचं. एका रविवारी डेट्रॉइटला लूथर प्रुइट नावाच्या केंटकीच्या धिप्पाड गड्यानं त्याला आडवा केला आणि उजवा गुडघा कामातून गेला. हार्लन आयोवात घरी परतला. तिथल्या चर्चच्या लहानशा कॉलेजात त्याला प्रशिक्षकाची नोकरी मिळाली. पोरं शेतावरची, अंगानं दणकट, पण समोरच्याला पाडण्याआधी त्याची माफी मागतील अशी. संघ हरत राहिला.

शेवटी हार्लननं मदतनीस हवा म्हणून जाहिरात दिली. अर्ज करणाऱ्यांत लूथर प्रुइट होता.

"ह्या माणसाला तू घरात आणणार?" बायको, कोरीन, म्हणाली.

"घरात नाही. मैदानावर."

"त्यानं तुझा पाय मोडलाय."

"नियमात राहून मोडलाय. आमच्या पोरांना तेच तर जमत नाही."

लूथर आला. खांदा कुठे लावायचा, डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं, हे तो पोरांना शिकवू लागला. उदाहरणादाखल हार्लन पँट वर करून उभा राही. पोरं वाकून गुडघा बघत. कोरीन मात्र लूथरशी बोलत नसे. चर्चबाहेर तो समोर आला, की ती वळून दुसऱ्याच कुणाच्या तरी तब्येतीची चौकशी करी.

पुढच्या हंगामात संघ थोडक्यात हरू लागला. कॉलेजचे अध्यक्ष डॉ. डाइकेमा यांनी हार्लनला बोलावलं, कॉफी दिली आणि सांगितलं, की मुख्य प्रशिक्षक आता लूथर. तुम्ही हवं तर मदतनीस म्हणून राहा. हार्लननं कॉफी संपवली आणि बरं म्हणाला. मोटारीत बसल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. मग ध्यानात आलं, की आता देणगीदारांच्या जेवणात भाषण करायला नको. त्यानं जरा हलकं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

संध्याकाळी लूथर दारात आला, टोपी हातात घेऊन. दार कोरीननं उघडलं.

"वहिनी, मी त्यांना नाही म्हणून सांगतो."

"आधी पाय घेतलास, मग नोकरी. आता वर उपकारही करतोस?"

लूथरनं टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"घे ती नोकरी," ती म्हणाली. "आणि जिंक. एवढं सगळं फुकट जायला नको. पाय पूस, आत ये. जेवण गार होतंय."

लूथर दोनदा वाढून घेऊन जेवला. जेवताना हार्लन म्हणाला, "मीठ इकडे दे." त्या विषयावर तो एवढंच बोलला.

हार्लनकडे आता फक्त चेंडू घेऊन पळणारी पोरं उरली. पळणं त्याला कळत होतं. तीन हंगामांनी संघ पहिला आला. लगेच कॅन्ससच्या एका मोठ्या विद्यापीठानं लूथरला बोलावलं. हार्लन येणार असेल तर मी येतो, असं त्यानं कळवून टाकलं. हार्लनला विचारलं नंतर.

"विचार करतो," हार्लन म्हणाला आणि मैदानाला फेरी मारून घरी गेला. स्वयंपाकघरात कोरीन बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"मी अजून काही ठरवलेलं नाही," तो म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?" कोरीन म्हणाली. "तो दोरा दे इकडे."