आप्पांना तहान नाही

सुनेनं पेला पुढं केला की आप्पा मान फिरवायचे. "आत्ताच तर प्यालो," म्हणायचे. नाहीतर, "ठेव तिथं, पितो मागाहून." पेला तसाच राहायचा आणि थोड्या वेळानं ती त्यातलं पाणी परत कॅनमध्ये ओतायची. ओतताना तिला बरंच वाटायचं. तेवढंच वाचलं.

डोंगराच्या उतारावर दोन भावांची दोन घरं होती, वरचं थोरल्याचं आणि खालचं धाकट्याचं. त्यांचे वडील, आप्पा, पाय गेल्यापासून थोरल्याकडं पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर असायचे. दोन्ही घरांच्या वर, घळीत, एक झरा होता. कपारीतून झिरपलेलं पाणी सिमेंटच्या हौदात साठायचं आणि तिथून दोन पाइपांनी उतारावरून आपोआप घरोघरी यायचं. धाकटा गवंडी, त्यानंच हौद बांधलेला. थोरला वायरमन. एका उन्हाळ्यात हौदातलं पाणी खाली गेलं आणि थोरल्याचा पाइप आधी कोरडा पडला. त्यानं जाऊन पाहिलं, तर धाकट्याच्या पाइपचं भोक बोटभर खाली.

"मुद्दाम ठेवलंस," थोरला म्हणाला.

"हात हलला असेल, दादा. सिमेंट ओलं होतं."

"गवंड्याचा हात हलला?"

बस, एवढंच. तेव्हापासून भावांचं बोलणं बंद झालं, आणि बायकांनाही आपोआप तोंडं फिरवावी लागली.

या वर्षी मात्र भोक वर असो की खाली, हौदच आटला. आधी धार बारीक झाली, मग थेंब राहिले, मग कपारीवर नुसता ओला डाग. थोरल्यानं अंगणात बोअर मारून घेतली, तर धुरळा निघाला. टँकर खालच्या वळणापर्यंत यायचा, पुढचा चढ त्याला झेपायचा नाही. मग तोही यायचा थांबला. राहिली नदी. दरीतल्या डोहातून कॅन भरायचा आणि तो घेऊन पुन्हा सगळा डोंगर चढायचा. हे काम सुनेचं, कारण थोरला झऱ्यावर खणत होता.

"पाणी पळून नाही गेलं, आत सरकलंय," तो म्हणायचा. कपारीपासून आडवं, डोंगराच्या पोटात त्यानं बोगद्यासारखं खणायला घेतलं होतं. सकाळी कुदळ घेऊन जायचा आणि चिखलाच्या रंगाचा होऊन परत यायचा.

"वरची माती भुसभुशीत आहे. आधाराला काहीतरी लावा," बायको म्हणाली.

"आधार लावत बसलो तर घसा कोरडा पडून मरू सगळे."

दुसरं एक दुखणं डोळ्यांसमोरच होतं. खालच्या घराच्या दोरीवर रोज धुणं वाळत पडलेलं असायचं. शर्ट, परकर, चांगल्या मोठ्या चादरी. थोरला कुंपणाशी उभा राहून बघायचा. "त्याला खाली कुठंतरी नवा झरा लागलाय. लागला तर लागला, पण बाप इथं पडलाय हे तरी आठवावं माणसानं." कॅन घेऊन वर चढताना त्या चादरी दिसल्या की सूनही दातओठ खायची.

एका सकाळी तिनं आप्पांची कूस बदलली आणि ती थबकली. चादर कोरडी होती. कालही कोरडीच होती. इतके दिवस ओली चादर दिसली की तिला रडू यायचं, आज कोरडी बघून भीती वाटली. तिनं आप्पांच्या हाताची कातडी चिमटीत धरली. सोडली तरी ती तशीच उभी राहिली. ओठांना चिरा पडल्या होत्या.

"आप्पा, खरं सांगा. पाणी कधी प्यालात?"

आप्पांनी खिडकीकडं बघितलं. "प्यालो की चादर ओली होते. ओली झाली की तू नदीवर जातेस. गुडघा धरून चढतेस. दिसतं मला खिडकीतून."

ती चमच्यानं पाणी पाजायला गेली तर त्यांनी दात घट्ट मिटले. दोनदा, तीनदा. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं. आणि मग एकदम त्यांनी विचारलं, "धाकटा शाळेतून आला का गं?"

धाकट्याची स्वतःची लेक आता कॉलेजात होती.

सून उठली. पायात चप्पल आहे की नाही हे न बघता खालच्या घराची वाट उतरली. वाटेवर गवत वाढून वाळलं होतं. जाऊ दारात उभी होती. ही येताना बघून तिनं आधी पदर सावरला, मग दाराची कडी धरली.

"भांडायला नाही आले," सून म्हणाली. "आप्पा पाणी पीत नाहीत. भ्रम झालाय त्यांना. मला एक कळशी दे. चांगलं स्वच्छ. मी तुझे पाय धरते."

जाऊनं कडी सोडली नाही.

"अगं, एवढ्या चादरी धुतेस रोज! एक कळशी नाही देववत?"

"वहिनी, हात लावून बघा त्या चादरींना."

सुनेनं दोरीवरची चादर ओढली. तिला घामाचा, निजेचा वास येत होता. पाण्याचा स्पर्श झालेला नव्हता.

"रोज घालते आणि संध्याकाळी काढते," जाऊ म्हणाली. "हे म्हणाले, वर कळायला नको आपलंही संपलंय. दादा हसेल. आम्हीही अंधारात नदीवरूनच आणतो. समजत होतो तुम्हाला बोअरला प्यायचं लागलंय, नदीचं नुसतं वापरायला नेता."

हसायचं की रडायचं हेच दोघींना कळेना. एवढ्यात आतून धाकटा आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. आत जाऊन त्यानं घरात होता तेवढा, तळाला पाणी असलेला कॅन उचलला आणि चढ चढू लागला. मागोमाग दोघी.

आप्पांच्या उशाशी बसून त्यानं पेला भरला. "आप्पा, मी आलो."

"तू प्यालास?"

"पोटभर प्यालो, आप्पा." त्याचे स्वतःचे ओठ पांढरे पडले होते.

आप्पांनी तोंड उघडलं. घोट घोट करत पेला संपवला. सुनेनं भिंतीकडं तोंड केलं.

"दादा कुठाय?" धाकट्यानं विचारलं.

"झऱ्यावर. आत खणताहेत."

"आत म्हणजे? टेकू लावलेत ना?"

"नाही." धाकटा पेला टाकून धावला, पाठोपाठ दोघी जावा.

घळीत पोचले तेव्हा बोगद्याचं तोंड नव्हतंच. तिथं मातीचा ताजा ढीग होता आणि वरून अजून खडे घरंगळत होते. सुनेनं नवऱ्याला हाक मारली ती इतकी विचित्र निघाली की तिची तिलाच ओळखू आली नाही. आतून काहीतरी हुंकारल्यासारखं ऐकू आलं.

"ओरडू नका, उकरा!" धाकटा म्हणाला. "खालून नको, वरून, वरून!" फावडं आतल्या माणसाला लागेल म्हणून शेवटी हातांनीच. नखं फुटली. जाऊ पळत जाऊन वरच्या घरातल्या दुसऱ्या खाटेच्या फळ्या घेऊन आली. धाकट्यानं त्या आडव्या ठोकून वरची माती अडवली आणि स्वतः छातीपर्यंत आत शिरला. सुनेनं त्याचे पाय धरून ठेवले. ते पाय निसटले तर दोघंही गेले, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

थोरला बाहेर आला तो डोळ्यांत, नाकात, तोंडात माती घेऊन. उजवा खांदा भलतीकडंच वळलेला. थुंकून त्यानं पहिलं वाक्य म्हटलं ते हे: "ओलं आहे आत. हाताला लागत होतं."

"आगीत जाऊ दे तुझं ओलं," धाकटा म्हणाला, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओक्साबोक्शी रडला.

त्याच दुपारी त्यानं ओळखीचा टेम्पो वळणापर्यंत आणवला. आप्पांना खुर्चीला बांधून उतरवलं, थोरल्याला आधार देत. दवाखान्यात बाप आणि मुलगा शेजारशेजारच्या खाटांवर होते. डॉक्टर आप्पांबद्दल म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती. सलाईननं जीव वाचला, पण डोकं पूर्ण ताळ्यावर आलं नाही ते नाहीच. थोरल्याचा खांदा जुळला, तरी हात डोक्याच्या वर जात नाही. खांबावरची कामं त्याची सुटली.

बोगदा धाकट्यानं पुरा केला. बांधकामावरचे टेकू आणून, वीतभर खणायचं आणि वीतभर आधार द्यायचा, अशा गतीनं. एका दिवशी मागच्या भिंतीतून गढूळ पाझर फुटला. करंगळीएवढी धार. सकाळी वरच्या घराला, संध्याकाळी खालच्या, एवढंच पुरतं. भाऊ आता बोलतात, पण कामापुरतं. जुनं काही काढत नाहीत.

टेकू तपासायला जावाच जातात. धाकटी आत शिरून हातोडीनं एकेक ठोकते, थोरली तोंडाशी तिच्या कमरेला बांधलेला दोर धरून उभी राहते.

"वहिनी, पुढल्या उन्हाळ्यात हेही आटलं तर?" एकदा आतून आवाज आला.

"मग सामान बांधू," थोरली म्हणाली. "दोघींचं एकदमच. आता बाहेर ये, मला भीती वाटते."