फिरतं कार्ड

गावाचं नाव मी सांगत न्हाय. निपाणीजवळचं, मोठ्या रस्त्यापासून आत, एवढं बास. माणसं अजून तिथंच राहतात आणि आमच्याकडच्या माणसांना राग लवकर येतो. मलापण येतो, ते पुढं दिसंलच.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराला मी तिथं पोस्टमास्तर होतो. पुढच्या खोलीत पोस्ट, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको तानी. सगळं गाव खिडकीवर यायचं. मनीऑर्डरी घ्यायचं, तारा वाचून घ्यायचं, "मास्तर, मास्तर" करायचं. मागच्या दारात मात्र कुणी कधी पाऊल टाकलं न्हाय. आम्ही बौद्ध. माझ्या बापानं गावकीची कामं सोडली, मला शिकवलं, नोकरी लागली, बदली होऊन इथं आलो. खिडकीत मी मास्तर आणि खिडकीमागं मी कोण, हे गावाला बरोबर ठाऊक होतं. असू दे. मी काय तिथं सोयरीक करायला गेलतो?

त्या गावात पारूबाई म्हणून एक म्हातारी होती. तिचा नवरा कल्लाप्पा वारला तशी दोन पोरांनी शेत वाटून घेतलं, बैल वाटून घेतले आणि शेवटी आई वाटून घेतली. थोरला सत्याप्पा गावातच, मळ्यात वस्ती करून तंबाखू पिकवायचा. धाकटा भरमा बेळगावात एका कारखान्यात लागला आणि कंग्राळीला खोली घेऊन राहिला. आईची पाळी ठरली. पाडव्यापर्यंत याच्याकडं, पाडव्यापासनं त्याच्याकडं. बोलायला झकास. पण एका सुनेचं डोकं दुखलं की म्हातारी गाडीत, दुसरीच्या माहेरची माणसं आली की म्हातारी परत गाडीत. बोचकं सोडायला तिला सवडच मिळायची न्हाय.

तिला एक लेक, रुक्मा. दिली होती लांब कणकुंबीला, त्या जंगलात. रुक्माचं महिन्या-दोन महिन्याला कार्ड यायचं आणि म्हातारीचा सगळा जीव त्या कार्डात. वाचता येत नव्हतं. खिडकीशी उभी राहायची, म्हणायची, "मास्तर, परत एकदा वाचा की." मी वाचायचो. चार ओळींच्या कार्डात परत परत वाचण्यासारखं काय असतंय? पण वाचायचो.

पहिल्यांदा कंग्राळीला जायची पाळी आली तेव्हा तिनं सत्याप्पाचा पिच्छा पुरवला, "माझं कार्ड माझ्यामागं आलं पायजे." त्याची सोय पोस्टात हाय. माणूस गाव बदलतं तेव्हा अर्ज द्यायचा, की माझी पत्रं अमक्या पत्त्यावर वळती करा. आम्ही जुना पत्ता खोडतो, नवा लिहितो, थैलीत टाकतो. अर्ज तीन महिने चालतो, पुढं पायजे असंल तर नवा द्यायचा. सत्याप्पानं अर्ज दिला. पुढं म्हातारी इकडं आली तेव्हा भरमानं तिकडच्या पोस्टात तसाच दिला. इथवर सगळं बेस.

पण म्हातारी परत आली की जुना अर्ज रद्द करायचा असतो. तो दोघांपैकी एकानंही केला न्हाय. उलट तीन महिने संपले की सत्याप्पा खिडकीवर हजर, नवा अर्ज घेऊन. ज्या माणसाला जनावरांचा दवाखाना कुठल्या वारी उघडा असतो ते ध्यानात राहत न्हाय, त्याला ही तारीख बरोबर ध्यानात. एकदा मी विचारलं, "अरे, आई कुठं हाय सध्या?"

"हाय की हितं, मळ्यात."

"मग कंग्राळीचा अर्ज कशाला?"

"असू द्या ओ मास्तर. कागदावर तिकडंच राहू दे. उद्या भरमा म्हणायला नको, आई कायमची तुझ्याकडंच हाय म्हणून."

मी म्हटलं, असा अर्ज चालत न्हाय. तर त्यानं बोचकं बांधल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाला, "तशी ती पुढच्या आठवड्यात चाललीच हाय." आता पुढच्या आठवड्यात जाणाऱ्या माणसाचा अर्ज घेणार न्हाय असं कोण म्हणेल? घेतला. ती काय गेली न्हाय. आणि तिकडं भरमाचं डोकंपण त्याच मापाचं. एका बापाची पोरं की.

तर वैशाखातली गोष्ट. आमचा पोस्टमन मष्णू थैली सोडून पत्रं लावत होता. एकदम हसायला लागला. म्हणाला, "मास्तर, हे कार्ड बघा, लगीन ठरवल्यासारखं फिरतंय."

कार्ड पारूबाईचं. वरचा पत्ता आमच्या गावाचा. तो खोडून कंग्राळीचा. तो खोडून परत आमच्या गावाचा. परत कंग्राळी, परत आमचं गाव. आमचं मराठीत, तिकडच्या कारकुनाचं कन्नडात, शिक्क्यावर शिक्के. मष्णू इमानदार माणूस. अर्ज चालू म्हणजे चालू. त्यानं दरवेळी खोडून पाठवलं आणि तिकडच्यानं दरवेळी खोडून परत पाठवलं. दोघांचंही नियमानं बरोबर. म्हातारी त्या वेळी कुठं होती? पोस्टापासून हाकेच्या अंतरावर, सत्याप्पाच्या मळ्यात, तंबाखूच्या पोत्यांवर गोणपाटं शिवत. सून तिला गावात येऊ देत नव्हती, काम राहतंय म्हणून.

कार्ड उघडंच असतं, वाचलं. तिकडच्या शाळामास्तराचं अक्षर होतं. "आईस रुक्माचा नमस्कार. एवढ्या वर्षांनी देवानं बघितलं. मिरगाच्या आत बाळंतपणाला माहेरी यायचं हाय. एकदा पाऊस लागला की इथनं गाडी निघत न्हाय. तू सध्या कुठल्या भावाकडं असतीस ते कळव, म्हणजे तिकडं येते."

माझं टाळकंच सरकलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही त्यांच्यात न मोडायची रीत. आणि पोरगी विचारतीया, आई, माहेर कुठं हाय? आणि आम्ही सरकारी शिक्के मारून तो सवाल इकडनं तिकडं ढकलतोय. वरचा शिक्का बघितला. कार्ड निघून लई दिवस झालते. मिरग तोंडावर आलता.

मी मष्णूला पाठवलं न्हाय, स्वतः मळ्यात गेलो. बांधावर उभं राहून वाचून दाखवलं. म्हातारीनं परत वाचायला सांगितलं न्हाय. सुई गोणपाटात तशीच टोचली आणि सुनेकडं बघून म्हणाली, "बाळे, रुक्मीला आणायला पायजे."

बाळाबाई म्हणाली, "आणा की. पण आत्ती, घर तंबाखूनं भरलंय. पोटुशी बाई त्या वासात कशी झोपायची? आणि तसं बघितलं तर तुमची पाळी आता कंग्राळीला."

सत्याप्पा बैलांकडं बघत होता. म्हणाला, "भरमाला विचारून बघू."

म्हातारी उठली. रडली न्हाय, भांडली न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एकटी कणकुंबीला निघाली. जाताना खिडकीवर आली. "मास्तर, मीच जाते. माहेर तिच्या दारात न्हेते, आणि काय करू?" डोळ्यांनी धड दिसत नव्हतं तिला. मी कंडक्टरला हाक मारून सांगितलं, तो कन्नडात हो हो म्हणाला आणि घंटी मारली.

मला वाटलं, संपलं एकदाचं. कुठलं!

त्याच्या दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी पोस्टाच्या पायरीवर एक बाई बसलेली. पाय सुजलेले, तोंड उन्हानं काळवंडलेलं, पोट एवढं मोठं की बघूनच मला घाम फुटला. जवळ पिशवी.

"मास्तर," म्हणाली, "मी रुक्मा. पारूबाईची लेक. माझी आई नेमकी कुठं हाय, तुम्ही तरी सांगा."

उत्तराची वाट बघून बघून ती निघाली होती. तिचा नवरा शामू तिला कंग्राळीत भरमाच्या दारात सोडून पेरणीसाठी परत गेला. तिथं भरमाची बायको म्हणाली, आई निपाणीकडं हाय, हितं एकच खोली, बाळंतीण कुठं ठेवू? बसवून दिली गाडीत. इथं मळ्यात आली तर बाळाबाई म्हणाली, अगं, आई तर तुझ्याकडंच गेली की, आणि घरात तंबाखू, तुला वास सोसायचा न्हाय. भाकरी खायला घातली आणि वाटेला लावली. आता ही परत कणकुंबीला निघाली होती. आणि तिकडं म्हातारी लेक घरात न्हाय बघून परत इकडं निघणार, हे सांगायला जोशी लागत नव्हता.

मला हसू आलं आणि मग इतका राग आला की काय सांगू! कार्डाचं एक वेळ ठीक. कार्डाला पोट नसतं.

"हे बघ," मी म्हटलं, "तू आता हलायचं न्हाईस. तुम्ही दोघी एकमेकींच्या मागं फिरत राहिला तर जन्मात गाठ पडायची न्हाय. एकीनं एका जागी बसायला पायजे."

"कुठं बसू?" ती म्हणाली.

तानी दारात येऊन उभी होती. म्हणाली, "आमच्यात बसा आक्का. चालत असंल तर." ते शेवटचं तिनं हळू म्हटलं. मला ते आवडलं न्हाय. पण का म्हटलं तेही ठाऊक होतं.

रुक्मानं आमच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बघितलं. मग पिशवी उचलली, आत गेली आणि तानीच्या वाकळेवर आडवी झाली. दमलेल्या माणसाला जात आठवायला वेळ नसतो.

गावाला मात्र वेळच वेळ. तिन्हीसांजेच्या आत सत्याप्पा गाडी जुंपून दारात. गाडीत पेंढा, पेंढ्यावर चांगलं जाजम.

"मास्तर, आमच्या बहिणीला बाहेर पाठवा."

"आत ये, तूच ने," मी म्हटलं.

तो उंबऱ्याकडं बघून थांबला. तिथनंच हाक मारली, "रुक्मे, चल घरला."

आतून आवाज आला, "आण्णा, दुपारी मी तुझ्याच दारात उभी होते. तवा तंबाखू होता."

"तंबाखू हलवला गं सगळा. घर सारवून घेतलंय."

ऐका! बहिणीसाठी जो तंबाखू हलत नव्हता, तो आमच्या घरात बहीण झोपली म्हटल्यावर घडीत हलला. सत्याप्पा माझ्याकडं वळला. "मास्तर, तुम्ही शिकलेलं माणूस. लोक काय म्हणतील, जरा समजून घ्या."

"बहीण पायरीवर उन्हात बसली तवा हे लोक कुठं गेलते रं?" मी ओरडलो. माझा आवाज पार वेशीपर्यंत गेला असेल. जाऊ दे. रुक्मा म्हणाली, "आई येईपर्यंत मी हलत न्हाय. मास्तरांनी सांगितलंय." तो रात्रभर गाडी तिथंच सोडून बसला.

सकाळच्या गाडीनं पारूबाई आली. कणकुंबीला शामूनं सांगितलं, कंग्राळीला सोडलीय. कंग्राळीला भरमा म्हणाला, गावाकडं गेली. पण आता तो स्वतः बरोबर आलता, कारण आईला गाडीत बसवताना स्टँडवरच त्याला कुणीतरी खबर दिलेली, की बहीण मास्तरांच्यात झोपलीय. उतरता उतरता तो म्हणाला, "आई, मी रुक्मीला कंग्राळीला न्हेतो. मोटार सांगतो. शेजारची खोली मागून घेतो."

सत्याप्पा उसळला. "थोरला मी हाय. माझ्या घरात होईल बाळंतपण."

"तुझ्या घरात तंबाखू."

"तुझ्याकडं एकच खोली!"

कालपर्यंत जी कुणालाच नको होती, तिच्यासाठी दोन भाऊ माझ्या अंगणात गचांडी धरायला निघाले. आतनं रुक्माचं कण्हणं ऐकू यायला लागलं. कळा सुरू झालत्या. तानी धावत बाहेर आली, म्हातारीला बघून दारातच थबकली आणि अंग चोरून बाजूला झाली. पारूबाई उंबऱ्याशी आली. पोरांचं भांडण तिनं उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

"पोरांनो," ती म्हणाली, "तुमच्या दोघांच्या घरात माझी पाळी असती. पाळीच्या घरात मी लेक कशी आणू? उद्या तिलापण म्हणाल, तुझी पाळी संपली."

"आई, पण हितं? यांच्यात?" सत्याप्पा म्हणाला.

म्हातारीनं तानीकडं तोंड केलं. "पोरी, पाणी दे गं जरा. परवापासनं गाडीत बसून घसा वाळलाय."

तानीनं माझ्याकडं बघितलं. मग तांब्या भरून दिला. म्हातारी अंगणात, सगळ्यांदेखत, घटाघटा प्याली. उरलेलं पाणी डोळ्यांना लावलं. ती आमच्यावर उपकार करत नव्हती, तिला तहान लागली होती.

तिनं पदर खोचला. "कोरडी लाकडं कुठं ठेवतीस गं? पाणी तापवायला पायजे." असं म्हणत ती सरळ आमच्या चुलीपाशी गेली, आणि तानी तिच्यामागं. भरमा पुढं सरला, तर आतून म्हातारी ओरडली, "बापय माणसांनी बाहेर थांबा!"

आणि तिनं आमच्या घराचं दार आतनं लावून घेतलं. बाहेर अंगणात मी, सत्याप्पा आणि भरमा उभे राहिलो.